न्याहारीआधी एक दगड

शनिवारी सकाळी दहा वाजता मिहोची गाडी येणार होती. मिहो ही माझ्या थोरल्या जाऊबाईंची मुलगी. ती शिझुओकाला समुद्राजवळ राहते, आणि आईला आता कायमची तिकडे घेऊन जाणार होती. ताईंना त्र्याऐंशी संपलेली, डोळ्यांनी जवळजवळ साथ सोडलेली. आमच्या कोफूच्या गल्लीतला दगड घासायचा कारखाना बंद होऊनही अकरा वर्षं झालेली. तेव्हा जाण्यात वावगं काहीच नव्हतं. फक्त त्याआधी मला ताईंना एक गोष्ट सांगायची होती. पन्नास वर्षं मी ती पोटात ठेवली होती, आणि बुधवार उजाडला तरी माझं तोंड उघडत नव्हतं.

माझं तोंड उघडत नाही असं कुणी म्हटलं तर गल्लीत हशा पिकेल. तेरुयोच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी माझी ख्याती. ती खोटी नाही. पण एक तीळ मी भिजवला, आणि तो नेमका ताईंचा होता.

मासाए ताई ताकेमोरीच्या. ते गाव आमच्यापासून लांब नाही, पण तिथली माणसं शेतकरी, पीच आणि द्राक्षं लावणारी, आणि आम्ही शहरातले, दगड घासायच्या चाकाशी बसणारे. ताकेमोरीत मोठा पाऊस झाला की बांधाच्या मातीतून स्फटिकाची टोकं वर येतात. पोरं ती वेचतात आणि खेळून टाकून देतात. ताईसुद्धा वेचायच्या. त्या एकविसाव्या वर्षी आमच्या कोसुगेंच्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्यांना दगडातलं कळत होतं ते एवढंच, की तो पायाला टोचतो.

निघताना त्यांच्या वडिलांनी, फुरुया योसाकुंनी, त्यांच्या हातात एक दगड ठेवला. अंगठ्याएवढा, पाण्यासारखा स्वच्छ स्फटिक. त्याच्या पोटात थेंबभर पाणी कोंडलेलं होतं आणि त्या पाण्यात मोहरीएवढा बुडबुडा. दगड कलता केला की बुडबुडा सावकाश वर चढायचा. आमच्याकडे याला मिझु-इरी म्हणतात. मी आपली पाणपोटी म्हणते. योसाकु म्हणाले होते, "हे आपल्या डोंगराचं पाणी आहे. माणूस जन्मला नव्हता तेव्हाचं. सांभाळ." बाकी माहेरचं म्हणून ताईंकडे एक गादी आणि दोन कपड्यांचे जोड होते.

आमच्या सासूबाई तोकु. त्यांनी तो दगड पाहिला, उत्तरेच्या खिडकीशी धरला, आणि म्हणाल्या, "माहेर चांगलं आहे तुझं. आता नाव सांग याचं."

"पाणी असलेला दगड," ताई म्हणाल्या.

"ते मलाही दिसतंय. नाव विचारलं मी."

ताईंना नाव येत नव्हतं. त्या दिवशी त्यांना न्याहारी साडेनऊला मिळाली. नवी नवरी, सासरची पहिली सकाळ, आणि समोर मिसो-सूप गार होतंय. ही गोष्ट ताई नंतर इतक्यांदा सांगायच्या की मला ते सूप प्यायल्यासारखं वाटतं.

आमच्या धंद्यात दगड पाहणारा वेगळा आणि घासणारा वेगळा. घासणारे चाकाशी बसतात, ओल्या रेतीत दिवसभर हात, हिवाळ्यात बोटं सुजून लाल होतात. पाहणाऱ्याने कच्चा दगड पाण्यात बुडवायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. कोरडा दगड काही बोलत नाही, ओला झाला की पोट दाखवतो. चीर कुठे आहे, कुठून कापला तर सहीचा शिक्का निघेल, कुठून नुसते मणी, हे सगळं पाहणाऱ्याच्या जिभेवर. पण त्याआधी त्याने दगडाचं नाव घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय सासूबाईंच्या घरात एकही दगड चाकावर चढला नाही. एखाद्याला वाटेल हा सोवळेपणा आहे. तसं नव्हतं. नाव घ्यायचं म्हणजे नीट पाहावं लागतं, आणि नीट पाहिलं की दगड चुकीच्या बाजूने कापला जात नाही, एवढाच व्यवहार होता.

त्यामुळे सासूबाईंचा नियम असा की रोज सकाळी न्याहारीआधी वाडग्यात एक दगड भिजत ठेवायचा आणि सुनेने त्याचं नाव सांगायचं. बरोबर आलं की जेवण. ताई तीन वर्षं रोज त्या वाडग्यापुढे बसल्या. आत हिरव्या काड्या दिसल्या तर कुसा-इरी, गवतपोटी. काड्या लांब, सोनेरी, आणि शेंड्याला वाकलेल्या असल्या तर ते साधं गवत नव्हे, सुसुकी. शरदात डोंगरउतारावर पांढरे तुरे काढून डुलतं ते. ताई ताकेमोरीच्या असल्याने हे दोन त्यांना पहिल्या आठवड्यातच आले, कारण त्या गवतात त्या वाढल्या होत्या. धूर कोंडलेला वेगळा आणि नुसता काळा वेगळा, हे यायला त्यांना वर्ष लागलं. मग डाळिंब-दगड, ज्याचे दाणे खरंच डाळिंबासारखे असतात. हिरव्या वळ्यांचा मोर-दगड. वाघाचा डोळा. आणि एक निजी-इरी, म्हणजे पोटात इंद्रधनुष्य असलेला. हा खरं तर तडकलेला स्फटिक. आत चीर पडते, चिरेत हवा शिरते, आणि उजेड आला की तिथे रंग उमटतात. बाहेरचे व्यापारी त्याला फुटका माल म्हणून बाजूला टाकायचे. सासूबाई म्हणायच्या, "त्यांना नाव येत नाही, त्याला दगड काय करणार?"

मी या घरात आले तोवर ताई तयार झाल्या होत्या. इतक्या तयार, की सासूबाईसुद्धा अडला दगड त्यांच्याकडे सरकवायच्या. त्या दिवसांत टोकियोहून एक व्यापारी यायचा, केसांना तेल लावलेला, हातात छापील यादी. त्याच्या यादीत आमचे जुने शब्द नव्हतेच, सगळे परदेशी. एकदा तो डाळिंब-दगडाचा ट्रे पाहून म्हणाला, "हे गार्नेट चांगले आहेत."

ताई हातातल्या दगडावरून मान वर न करता म्हणाल्या, "गार्नेट? कुणाचं आडनाव म्हणायचं हे?"

"नाव आहे, वहिनी. सगळ्या जगात हेच म्हणतात."

"सगळ्या जगात डाळिंब खात नसतील मग."

तो हसला आणि गवतपोटी दगडांच्या ट्रेवर बोट ठेवून म्हणाला, "हे मात्र नकोत. आत कचरा आहे."

"तुमच्या पोटात आत्ता काय आहे?" ताईंनी विचारलं. "दुपारचं जेवणच ना? मग तुम्हांलाही परत पाठवू का?"

तो ट्रे त्याने नेला. नंतर तो यायचा तेव्हा आधी खिडकीतून डोकावून ताई कुठे बसल्यात ते बघायचा.

मी आमच्याच शहरातल्या चटया विणणाऱ्याच्या घरची. माहेरून शिवणयंत्र घेऊन आले होते आणि त्याचा मला फार तोरा होता. शिवाय मी डावखुरी. आमचं चाक उजव्या हाताने दगड धरायचं, म्हणून मला आडवं बसावं लागे. सासूबाई म्हणायच्या, "धाकटीचं सगळं उलटं. चहासुद्धा उलटा ओतते." त्यावर ताई म्हणायच्या, "उलटा ओतला म्हणून तो काय वर जातो का, आई?" त्या माझ्या बाजूने बोलायच्या, आणि त्याचाच मला राग यायचा. मला कुणी दगडाचं नाव विचारत नव्हतं. मला घासायला बसवलं होतं. ताई खिडकीशी बसणार, आणि मी चिखलात.

पण खरा हेवा होता तो त्या पाणपोटी दगडाचा. त्याचा काही उपयोग नव्हता. घासायचा दगड काठीच्या टोकाला गरम राळेने चिकटवावा लागतो, आणि गरम राळ लागली की पाणपोटी फुटतो, म्हणून तो चाकावर चढतच नाही. नुसता पाहायचा. ताई तो वर्षातून दोनदाच बाहेर काढायच्या. एकदा नववर्षाला, आणि एकदा मार्चअखेरीस, जेव्हा योसाकु पीचच्या कळ्या फुटायच्या आधी लेकीला भेटायला यायचे. ते दारात चपला काढता काढताच विचारायचे, "पाणी आहे ना?" मग ओसरीवर बसून दगड कलता करायचे, बुडबुडा वर चढताना बघायचे, आणि मगच चहाला हात लावायचे. माझ्या वडिलांनी माझ्या शिवणयंत्राची कधी अशी चौकशी केली नव्हती.

थंडीचाही एक नियम होता. यात्सुगाताके डोंगरावरून वारा सुटला की कारखान्यात भांड्यातलं पाणी गोठतं, आणि गोठलेलं पाणी फुगतं. म्हणून पहिल्या हिमाआधी घरातले सगळे पाणपोटी दगड फडक्यात बांधून स्वयंपाकघरात शेगडीजवळच्या कपाटात जायचे आणि मार्चमधल्या हिगानच्या पितृदिवसांपर्यंत तिथेच राहायचे. सासूबाई त्याला "पाण्याला निजवणं" म्हणायच्या. आमच्या गल्लीत मुलांच्या आधी दगडांना थंडी वाजते, असं लोक चेष्टेने म्हणत.

टोकियोत पहिल्यांदा ऑलिम्पिक भरलं त्या वर्षीचा जानेवारी. एका दुपारी ताई सासूबाईंबरोबर कुणाच्या तरी आजारपणाला भेटायला गेल्या होत्या. मी कपाट उघडलं, ताईंचं फडकं सोडलं आणि तो दगड घेऊन कारखान्यात गेले. बुडबुडा नीट दिसतो तो फक्त उत्तरेच्या खिडकीशी, हे मला ठाऊक होतं. वाडग्यात पाणी घेतलं, दगड बुडवला, काढला, कलता केला. बुडबुडा चढला. पुन्हा केला. मला वाटलं, मला दिसतंय की. मीही पाहू शकते. किती वेळ गेला कोण जाणे. मग वरच्या खोलीत माझा तान्हा मुलगा रडायला लागला, मी दगड वाडग्यात ठेवला, वाडगं खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि जिना चढले. त्याला ताप होता. त्या संध्याकाळी मी दुसरं काही पाहिलंच नाही.

सकाळी उठून आठवलं तशी मी खाली धावले. वाडग्यातलं पाणी तळापर्यंत बर्फ झालं होतं आणि दगड त्यात अडकलेला. मी शेगडीवरची किटली आणली आणि गरम पाणी ओतलं. थंडीने तो आधीच तडकला होता, की माझ्या गरम पाण्याने तडकला, ते मला आजही माहीत नाही. हातात आला तेव्हा आत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चीर होती. कलता केला. वर काहीच चढलं नाही. मी तो पुसला, फडक्यात बांधला, कपाटात ठेवला, आणि भात लावायला गेले.

मार्चमध्ये सासूबाईंनी दगड बाहेर काढले. ताईंचं फडकं सोडलं, दगड उजेडाकडे धरून कलता केला, पुन्हा केला. मी भांडी घासत होते, पाठ करून.

"मासाए," सासूबाई म्हणाल्या, "हे काय?"

"माझ्या हातून राहिलं, आई. हिवाळ्यात बघायला काढला आणि कारखान्यात विसरले."

"तू?"

"मीच."

सासूबाईंनी तो दगड परत बांधून ताईंच्या हातात दिला. रागावल्या नाहीत. पण पुढच्या हिवाळ्यात पाण्याला निजवायचं काम त्यांनी स्वतः केलं, ताईंना कपाटाला हात लावू दिला नाही. आणि मी समजले की ताईंना खरंच वाटतंय की चूक त्यांचीच आहे. रोज शंभर दगड हाताखालून जातात, एखादा विसरला असेल, असं त्यांना वाटलं असणार. मी ते वाटू दिलं.

त्यानंतर आठच दिवसांनी योसाकु आले. दारातच विचारलं, "पाणी आहे ना?"

"आहे, बाबा," ताई म्हणाल्या. "आत बांधून ठेवलंय. आज राहू दे."

म्हातारा ओसरीवर बसला. हात मांडीवर ठेवून थोडा वेळ नुसताच बसला, मग चहा घेतला. चहा मी ओतत होते आणि तो बशीत सांडला. दोन वर्षांनी ते वारले. त्या दिवशी स्मशानातून परत येताना मी ठरवलं की आता सांगायचं, आणि नाही सांगितलं. नंतर ते दर वर्षी अवघडच होत गेलं.

आता गंमत ऐका. योसाकु चहा पिऊन गेले त्याच वसंतात, एका सकाळी मी खाली आले तर माझ्या ताटाशेजारी वाडगं. त्यात एक दगड भिजत होता आणि ताई समोर बसलेल्या.

"नाव सांग," त्या म्हणाल्या.

"मी? मला कुठे येतं."

"म्हणूनच सांग. नाही आलं तर जेवू नकोस."

मला आलं नाही. पावणेदहाला मी जेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाडगं. सासूबाईंनी भुवया उंचावल्या. मी डाव्या हातात दगड धरून खिडकीशी बसायची, आणि ताई मागून, "उजेडाकडे धर, तुझ्याकडे नको. त्याला तुझं तोंड बघायचं नाहीये." चुकलं की हसायच्या नाहीत, नुसतं "पुन्हा" म्हणायच्या. गवतपोटी आणि सुसुकी यांत मी महिनाभर गोंधळ घातला, कारण मी शहरातली, मला गवत म्हणजे गवत. तर शरदातल्या एका रविवारी ताईंनी मला बसने डोंगरावर नेऊन सुसुकीच्या रानात उभं केलं. म्हणाल्या, "बघ. आणि आता विसरलीस तर इथेच सोडून जाईन." तो एकच दिवस आम्ही दोघी कामाशिवाय कुठे गेलो. येताना त्यांनी भाजलेलं रताळं घेतलं, मोडून अर्धं मला दिलं. मोठं अर्धं स्वतः घेतलं.

तीन वर्षं हे चाललं. सासूबाई गेल्या, दोघींचे नवरे दहा वर्षांच्या अंतराने गेले, ताईंचे डोळे अधू झाले, आणि खिडकीशी मी बसायला लागले. कोफूत लोक अडला दगड माझ्याकडे आणायचे. "कोसुगेंच्या डावऱ्या बाईंना दाखवा," म्हणायचे. मुलाचं शिक्षण, घराचं छप्पर, सगळं त्या विद्येवर झालं. मी कुणालाही सांगताना म्हणायची की माझ्या जाऊबाईंनी मला स्वतःची विद्या दिली, सख्खी बहीण देणार नाही अशी. आणि दर वेळी हे म्हणताना पोटात तो तीळ टोचायचा.

तर बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी ताईंची लाकडी पेटी आवरत बसलो. त्यात सासूबाईंच्या वेळच्या दगडांचे खण, प्रत्येकात नमुन्याचा एक दगड आणि खाली नावाची चिठ्ठी. ताई बोटांनी चाचपून एकेक दगड ओळखत होत्या आणि कुणाला द्यायचा ते सांगत होत्या. मिहोला डाळिंब, मिहोच्या मुलीला मोर. "मला एवढं ओझं नको. शिझुओकाला हिम पडत नाही म्हणे. तिथे दगडांना काय काम?"

शेवटी तळाचं फडकं राहिलं. ओळखीचं, निळं, आता विटलेलं. मी हात लावला नाही.

"ताई," मी म्हणाले, "हा तुमच्या हातून नाही राहिला. मी काढला होता. तुम्ही आजाऱ्याला भेटायला गेला होतात त्या दिवशी. वाडग्यात ठेवला आणि वर गेले, आणि सकाळी वरून गरम पाणी ओतलं. मी पन्नास वर्षं तुम्हांला स्वतःची चूक समजू दिली. तुमच्या वडिलांसमोरही. मला माफ करा."

हे सगळं मी एका दमात म्हणाले आणि चटईवर डोकं टेकलं. माझ्या वयात खाली वाकणं सोपं, उठणं अवघड. मी तशीच राहिले.

"ऊठ," ताई म्हणाल्या. "कंबर धरली तर मला उचलता यायची नाही."

मी उठले.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याच दिवशी. कपाटातून तांदळाचं माप काढताना फडकं दिसलं. गाठ उलटी होती. या घरात डाव्या हाताने गाठ मारणारी एकच."

"मग आईंना का नाही सांगितलंत?"

"आईंनी तुला माहेरी धाडलं असतं. मग जूनमध्ये चाळीस किलो उमेची आंबट फळं मी एकटीने खारवायची होती का?"

"आणि तुमचे वडील?"

"त्यांना मी सांगितलं. त्याच वर्षी ओबोनला, पितरांच्या सणाला, ताकेमोरीला गेले तेव्हा. हसले. म्हणाले, चला, म्हणजे यंदा आपल्या विहिरीत तेवढं पाणी जास्त." ताईंनी निळं फडकं मांडीवर ओढलं. "ते हसले. मी नव्हते हसले, तेरु. मला फार राग आला होता. तुझ्या ताटात मी तीन वर्षं मऊ पडलेली उमे वाढायचे. कडक, चांगली तेवढी सगळी माझ्या ताटात."

"मला वाटायचं, तुम्ही मला मऊ म्हणून मुद्दाम..."

"मुद्दामच. आणि ते वाडगं? तुला काय वाटलं, मी तुला विद्या देत होते?"

"मग काय होतं ते?" मी विचारलं.

"शिक्षा होती ती," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, रोज उपाशीपोटी एक दगड बघ. एकेकाच्या पोटात काय असतं ते बघ. मग एक दिवस तुला कळेल, तू काय फोडलंस. कळलं की रडशील, आणि मग मी थांबवेन. तू रडलीच नाहीस. तुला आवडायलाच लागलं. सुसुकीच्या रानात तर तू अशी काही हसत होतीस, की मला वाटलं, हिला ढकलून द्यावं." त्यांनी ओठ मुडपले. "मग कधीतरी राग विसरले. वाडगं ठेवायची सवय तेवढी राहिली."

मी रडले ते तेव्हा. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उशीर केलास. चल, पाणी आण."

मी वाडग्यात पाणी आणलं. त्यांनी चाचपत फडक्याची गाठ सोडली. आता ती त्यांची, सरळ गाठ होती. दगडाबरोबर चिठ्ठी निघाली. सासूबाईंच्या हातची नव्हे, ताईंच्या. त्यावर त्या जानेवारीतली तारीख आणि दोनच शब्द. त्यांनी मला ती वाचू दिली नाही, मुठीत धरली, आणि दगड पाण्यात सोडला.

"आजचा दगड," त्या म्हणाल्या. "नाव सांग, मग जेवू."

मी तो काढून खिडकीशी धरला. त्या सकाळनंतर मी तो पाहिलाच नव्हता. चीर होती तिथेच होती, आणि तिच्यात पाकळीएवढे इंद्रधनुष्याचे रंग उभे होते.

"निजी-इरी," मी म्हणाले.

ताईंनी मूठ उघडली. चिठ्ठीवर तेच होतं.

"मला आता दिसत नाही," त्या म्हणाल्या. "कुठे आहे ते सांग."

"खालून नखाएवढं वर. आधी हिरवा, मग गुलाबी. कडेला पिवळा, अगदी थोडा."

"डाव्या अंगाला कललेला?"

"हो."

"तिथेच होतं बाबांचं पाणी," ताई म्हणाल्या, आणि हात पुढे करून दगड घेतला. तो पेटीत ठेवला नाही. शनिवारी गाडीत बसताना त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, हिम पडायच्या आधी आत घे. त्याला आता हिमाचं भय नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी घेतला.

त्या शुक्रवारी मात्र आम्हांला जेवायला सव्वादहा वाजले. सूप गार झालं होतं. ताईंनी उमेचं भांडं पुढे ओढलं, बोटांनी दाबून दाबून एक कडक शोधलं, आणि माझ्या भातावर ठेवलं.